स्टीफनचे ऐकून कोणी घेतले?

जेम्स जॉइस यांची ‘अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन’ ही कादंबरी १९१६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. एका कॅथलिक मुलाचे बालपण, त्याचे विद्यालयीन जीवन, त्याची श्रद्धा आणि त्या श्रद्धेशी त्याने घेतलेली फारकत हा तिचा विषय. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या कादंबरीवर विपुल लेखन झाले आहे. श्रद्धावंत वाचकांनी तिच्याकडे बहुधा संशयाने पाहिले. ख्रिस्तसभेकडे पाठ फिरविणाऱ्या लेखकाचे पुस्तक म्हणून ती कपाटात मागच्या रांगेत गेली. उलट, धर्माविषयी उदासीन असणाऱ्या समीक्षकांनी तिला मुक्तीची कथा म्हणून गौरविले. धर्माची बेडी तुटली आणि कलावंत जन्माला आला, असा त्यांचा निष्कर्ष. या दोन्ही वाचनांतून एक गोष्ट निसटते. ही कादंबरी फार मोठ्या प्रमाणावर कॅथलिक विद्यालयाची कादंबरी आहे, आणि तेथील धर्मगुरू एका विद्यार्थ्याच्या आत्म्याची काळजी कशी वाहतात, हा तिच्यातील कळीचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. धर्मग्रामात काम करताना पालकांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकू येते: ‘फादर, दहावीपर्यंत मुलगा रोज शाळेत प्रार्थना म्हणत होता, आता चर्चची पायरी चढायला तयार नाही. असे का झाले?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. परंतु ज्या मुलाच्या बाबतीत असे घडले, त्याच्या मनाचा आतून घेतलेला इतका तपशीलवार वृत्तान्त दुसरीकडे क्वचितच सापडेल. म्हणून ही कादंबरी कॅथलिक कुटुंबांनी, विशेषतः शाळेत काम करणाऱ्या धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी, वाचावी असे मला वाटते. तिच्यात उपदेश भरपूर आहे, ऐकणे मात्र फार थोडे आहे. कादंबरीचे सारे दुःख या विषम प्रमाणात साठलेले आहे, असे माझे म्हणणे आहे.

जॉइस यांचा जन्म १८८२ साली डब्लिन येथे झाला. १८८८ ते १८९१ या काळात ते क्लाँगोज वुड या येशूसंघीय, म्हणजे जेजुइट, वसतिगृह विद्यालयात होते. पुढे वडिलांची आर्थिक घसरण झाली. १८९३ पासून १८९८ पर्यंत त्यांनी डब्लिनमधील बेल्व्हेडिअर कॉलेज या येशूसंघाच्याच विद्यालयात शिक्षण घेतले. तेथे त्यांना फी द्यावी लागली नाही. कादंबरीचा नायक स्टीफन डेडलस याच वाटेने जातो. तथापि स्टीफन म्हणजे जॉइस नव्हेत, आणि कादंबरीतील विद्यालय म्हणजे त्या विद्यालयाचा इतिहास नव्हे. आपल्याला मिळालेल्या येशूसंघीय शिक्षणाविषयी जॉइस यांनी उत्तरायुष्यात कृतज्ञतेनेच उद्गार काढले. तेव्हा हे आरोपपत्र आहे असे समजून वाचणे चुकीचे ठरेल. साहित्यकृती म्हणून तिच्यातील प्रसंगांची जोडणी पाहिली पाहिजे.

पहिला महत्त्वाचा प्रसंग शिक्षेचा आहे. लहानग्या स्टीफनचा चष्मा फुटतो. वर्गशिक्षक फादर आर्नल त्याला लेखनातून सूट देतात. इतक्यात अभ्यासाचे प्रमुख फादर डोलन वर्गात येतात, हा मुलगा मुद्दाम आळस करतो असे ठरवितात आणि त्याच्या दोन्ही हातांवर पट्टीचे फटके देतात. सूट दिल्याचे फादर आर्नल सांगतात, पण फटके थांबत नाहीत. मुलांच्या आग्रहावरून स्टीफन एकटाच अंधाऱ्या बोळातून रेक्टरांच्या खोलीकडे जातो. भिंतीवर संत इग्नेशियस आणि संत फ्रान्सिस झेवियर यांची चित्रे आहेत. रेक्टर फादर कॉनमी त्याचे शांतपणे ऐकून घेतात, आपण डोलन यांच्याशी बोलू असे सांगतात आणि हात पुढे करतात. बाहेर आल्यावर मुले त्याला उचलून घेतात.

अनेक वाचक येथे समाधान पावतात. अन्याय झाला, दाद मागितली, न्याय मिळाला. परंतु जॉइस यांनी या प्रसंगाला दुसऱ्या प्रकरणात एक शेपूट जोडले आहे आणि तेच अधिक बोलके आहे. काही वर्षांनी स्टीफनचे वडील जेवणाच्या टेबलावर सांगतात की फादर कॉनमी भेटले होते, मुलांना बेल्व्हेडिअरमध्ये जागा मिळवून देण्याची व्यवस्था त्यांनी केली. त्याच ओघात वडील हेही सांगतात की त्या तक्रारीची हकीकत फादरांनी डोलन आणि इतरांना जेवताना सांगितली होती आणि सगळे पोट धरून हसले होते. वडील ही गंमत म्हणून सांगतात. स्टीफन काय म्हणतो? लेखक काहीच लिहीत नाही. एकाच जेवणात, एकाच धर्मगुरूकडून, उपकाराची आणि उपहासाची बातमी येते. फादर कॉनमी दुष्ट नाहीत. उलट, कादंबरीतील सर्वांत सौजन्यशील धर्मगुरूंपैकी ते एक आहेत. म्हणूनच ते हसू अधिक लागते. मुलाने धीर एकवटून जे सांगितले, ते मोठ्यांच्या पंगतीत करमणुकीचा विषय झाले.

हातावरच्या फटक्यांचा प्रश्न पुढे कायद्याने सोडविला. आयर्लंडमधील शाळांत शारीरिक शिक्षा १९८२ साली बंद झाली आणि आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने तिला मनाई केली. त्या हास्यावर मात्र कोणताच कायदा चालत नाही. तेथे शाळेतील धर्मगुरूची जीभच त्याचा कायदा असते.

यानंतरचा स्टीफन हुशार, शिष्ट आणि एकाकी आहे. इंग्रजीचे शिक्षक त्याच्या निबंधात भर वर्गात पाखंड शोधतात. तो एक शब्द बदलून विधान सौम्य करतो आणि शिक्षक तेवढ्यावर समाधान मानतात. परंतु काही दिवसांनी त्याचे सहाध्यायी रस्त्यात त्याला गाठतात आणि कवी बायरनची बाजू घेतल्याबद्दल, पाखंडी म्हणून, काठीने मारतात. विचार चाचपडत असलेल्या मुलाला विद्यालयाने दोनच जागा दिल्या, असे या प्रसंगातून दिसते. एक वर्गातील दुरुस्ती आणि दुसरी रस्त्यावरचा मार. शंका घेऊन बसता येईल अशी तिसरी जागा तेथे नव्हती.

तिसऱ्या प्रकरणात विरोधाभास टोकाला जातो. स्टीफन पवित्र मरियेच्या सोडॅलिटीचा प्रमुख आहे. शनिवारी सकाळी तो प्रार्थनामंदिरात मानाच्या जागी गुडघे टेकून मुलांची प्रार्थना चालवितो. रात्री मात्र त्याची पावले वेश्यावस्तीकडे वळतात. जॉइस यांनाही विद्यार्थिदशेत १८९६ साली हेच पद मिळाले होते. विद्यालय मुलाच्या छातीवरील बिल्ला पाहते, त्याच्या डोळ्यांत कोणी पाहत नाही. भक्तीची पदे देणे सोपे असते. पद दिल्यावर त्या मुलाशी बोलण्याची गरज संपली, असे मानणे त्याहून सोपे असते.

मग येते ती प्रसिद्ध तपसाधना. तिची घोषणा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सन्मानार्थ होते. त्यांचा सण ३ डिसेंबरला असतो. रेक्टर मुलांना त्या संताचे पूर्वेकडील कार्य वर्णन करून सांगतात. ज्यांचे पवित्र अवशेष जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेत आहेत आणि ज्यांच्या नावाने आपल्याकडे कितीतरी शाळा, चर्च आणि मुले ओळखली जातात, तेच हे झेवियर. डब्लिनच्या विद्यार्थ्याला ते आत्मे जिंकणारे पराक्रमी सेनानी म्हणून भेटतात. गावोगाव फिरून मुलांना साध्या सुरात प्रार्थना शिकविणारे झेवियर त्या भाषणात फारसे जाणवत नाहीत.

तपसाधनेचे प्रवचनकार म्हणजे स्टीफनचे जुने वर्गशिक्षक फादर आर्नल. त्यांना पाहताच त्याच्या मनात बालपण जागे होते. विषय ठरलेला आहे: मरण, न्याय, नरक आणि स्वर्ग या चार अंतिम गोष्टी. मरण आणि न्याय यांवर प्रवचन होते. नरकावर दोन प्रवचने होतात, एक शरीराच्या यातनांवर व दुसरे आत्म्याच्या यातनांवर, आणि ती पानेच्या पाने चालतात. सतराव्या शतकातील पिनामोंती या येशूसंघीय लेखकाच्या नरकविषयक पुस्तकाचा आधार जॉइस यांनी येथे घेतला असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. स्वर्गावरील प्रवचन मात्र कादंबरीत येतच नाही. चार गोष्टींचे वचन दिले होते, वाचकाच्या कानी तीनच पडतात.

या प्रवचनांवर टीका करताना समीक्षक बहुधा नरकाच्या सिद्धान्तावरच घसरतात. मला वाटते, मोजमाप येशूसंघाच्या स्वतःच्या मापाने करावे. फादर आर्नल संत इग्नेशियस यांच्या पद्धतीचा उल्लेख करतात. ‘आध्यात्मिक साधना’ हा संत इग्नेशियस यांचा छोटा ग्रंथ १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्य केला. त्याचे चार ‘आठवडे’ आहेत आणि पूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची असते. नरकावरील मनन हे पहिल्या आठवड्यातील पाचवे मनन होय. त्यापूर्वी पहिल्याच मननाच्या अखेरीस साधकाला क्रुसावरील ख्रिस्तापुढे उभे केले जाते आणि मित्राने मित्राशी बोलावे तसे त्याच्याशी बोलायला सांगितले जाते. नरकाच्या मननाचा शेवटही ख्रिस्ताशी संभाषणाने आणि कृतज्ञतेने होतो. पुढचे तीन आठवडे ख्रिस्ताच्या पाचारणाचे, दुःखसहनाचे आणि पुनरुत्थानाचे आहेत. कादंबरीतील विद्यालयाने या चौमजली घराचा तळमजला तेवढा मुलांना दाखविला आणि वरचा जिना बंद ठेवला. मित्राशी बोलावे तसे बोलण्याची ती जागा भीतीच्या वर्णनाने व्यापून टाकली. फादर आर्नलही अखेरीस मुलांकडून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणवून घेतात, देवाच्या प्रेमाचा उल्लेख करतात. परंतु तोवर स्टीफनचे कान नरकाच्या ज्वाळांनी भरून गेलेले असतात.

भीतीने स्टीफन हलतो, हे नाकारता येणार नाही. तो पापनिवेदन करण्याचा निश्चय करतो. आणि येथे कादंबरीतील, माझ्या मते, सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट घडते. शुक्रवारी विद्यालयात पापनिवेदनाची व्यवस्था आहे, धर्मगुरू बसलेले आहेत. स्टीफन तेथे जात नाही. तो संध्याकाळी गल्ल्यांतून चालत निघतो, एका म्हाताऱ्या बाईला जवळच्या प्रार्थनामंदिराची वाट विचारतो आणि अनोळखी गरीब माणसांच्या रांगेत गुडघे टेकतो. पलीकडे एक वृद्ध कॅपुचिन धर्मगुरू आहेत. ते त्याचे वय विचारतात. तो सांगतो, सोळा. ते थकलेल्या पण ममताळू आवाजात त्याला हे पाप सोडण्याची विनवणी करतात, पवित्र मरियेची प्रार्थना करायला सांगतात आणि क्षमा देतात.

आपल्याच विद्यालयात का नाही? कादंबरी कारण देते ते सोबत्यांपुढे वाटणाऱ्या लाजेचे. ते खरेच आहे. परंतु ज्या मुलाने एकदा एका धर्मगुरूपुढे मन मोकळे केले आणि मागाहून त्यांच्या हास्याची बातमी ऐकली, त्याच्या पावलांना ही दुसरी वाट का सापडली असेल, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. लेखकाने हे दोन प्रसंग जोडून दाखविलेले नाहीत. जोडणी माझी आहे. पण कादंबरीच्या रचनेत ती बसते.

ख्रिस्तसभेच्या कायद्यालाही ही लाज ठाऊक आहे. १९८३ च्या धर्मसंहितेचा नियम ९८५ सांगतो की गुरुविद्यालयाच्या किंवा अन्य शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने त्याच घरात राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांची पापनिवेदने ऐकू नयेत. एखाद्या विद्यार्थ्याने एखाद्या प्रसंगी स्वखुशीने तशी विनंती केली, तरच अपवाद. या नियमामागील जाण साधी आहे. ज्याच्या हातात प्रगतिपुस्तक, दंड आणि शाळेचा दाखला आहे, त्याच्याच कानात मनाचे गुपित ओतण्याची सक्ती मुलावर होता कामा नये.

त्या रात्री स्टीफन घरी येतो आणि स्वयंपाकघरात बसून राहतो. फडताळावर सकाळच्या न्याहारीची तयारी आहे: सॉसेज, पुडिंग, अंडी. उद्या पवित्र मिस्सा, ख्रिस्तप्रसाद आणि मग हा घास. सारे जीवन किती सोपे आणि सुंदर आहे, असे त्याला वाटते. दुसऱ्या दिवशी विद्यालयाच्या प्रार्थनामंदिरात तो सहाध्याय्यांच्या रांगेत गुडघे टेकतो. कादंबरीत तो आपल्या सोबत्यांसह खऱ्या अर्थाने एकत्र आलेला दिसतो तो बहुधा येथेच. कृपेचे इतके निर्मळ वर्णन ज्या लेखणीतून उतरले, तिला केवळ धर्मद्वेष्टी म्हणणे अन्यायाचे होईल.

चौथ्या प्रकरणात ही कृपा हळूहळू हिशेबात बदलते. आठवड्याचा प्रत्येक दिवस एकेका भक्तीला वाहिलेला आहे. जपमाळ खिशात मोकळी, चालता चालता म्हणण्यासाठी. प्रत्येक प्रार्थनेसरशी स्वर्गात आपल्या खाती रक्कम जमा होते आहे असे त्याला वाटते. जॉइस येथे दुकानातील रोकड नोंदविणाऱ्या यंत्राची प्रतिमा वापरतात. तो इंद्रियांना शिक्षा देतो: अंथरुणावर कूस बदलायची नाही, तोंड धुतल्यावर मान पूर्ण पुसायची नाही, खाज सहन करायची. आणि इतके करूनही आई शिंकली की त्याला राग येतो! या एका तपशिलात जॉइस यांनी जे सांगितले, ते सांगायला उपदेशकाला तासभर लागला असता. शेजारच्या खोलीतील आईला सहन करू न शकणारी भक्ती कुठेतरी वाट चुकलेली आहे.

येथे मला दुसऱ्या एका पुस्तकाची आठवण होते. संत जॉन बॉस्को यांनी आपला विद्यार्थी डॉमिनिक साव्हियो याचे चरित्र १८५९ साली लिहिले. १८४२ साली जन्मलेला डॉमिनिक १८५४ च्या शरदात तुरिन येथील वसतिगृहात आला आणि १८५७ च्या मार्चमध्ये, पंधरावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, वारला. १९५४ साली त्याला संतपद देण्यात आले. डॉमिनिकनेही एक प्रवचन ऐकले होते, संत होणे सर्वांना शक्य आहे या विषयावरचे. तोही त्यानंतर गंभीर आणि अबोल झाला. त्यानेही अंथरुणात लाकडाचे तुकडे आणि खडे ठेवणे, थंडीत पातळ पांघरूण घेणे असे देहदंड सुरू केले. म्हणजे डॉमिनिक आणि स्टीफन यांचा आजार एकच आहे. फरक असा की डॉन बॉस्को यांना मुलगा बदललेला दिसला. त्यांनी त्याला विचारले, त्याचे ऐकले आणि सांगितले की आनंदी राहा, अभ्यास व प्रार्थना नियमाने कर आणि सोबत्यांबरोबर खेळायला जा. देहदंडाला त्यांनी मनाई केली. स्टीफनलाही अतिभक्तीच्या धोक्याची सूचना मिळालेली आहे, असे कादंबरी ओझरते सांगते. पण मैदानाच्या कडेला थांबवून ‘काय रे, तुला काय होते आहे?’ असे कोणी विचारल्याचा प्रसंग तिच्यात नाही.

ही तुलना सरळसोट करता येणार नाही, हेही नोंदविले पाहिजे. डॉमिनिकचे चरित्र त्याच्या धर्मगुरूने लिहिले आहे, तर स्टीफनची कथा माजी विद्यार्थ्याने. लेखणी कोणाच्या हातात आहे, यावर विद्यालयाचे चित्र अवलंबून असते. शिवाय डॉन बॉस्को हे त्या घराचे प्रमुखही होते आणि मुलांची पापनिवेदनेही तेच ऐकत. त्यांच्या पश्चात, १९०१ साली, रोमने सालेशियन प्रमुखांना आपल्या हाताखालील लोकांची पापनिवेदने ऐकण्यास मनाई केली. एका संताच्या हातून जे सुरक्षित राहिले, ते सर्वांच्या हाती सुरक्षित राहील असे ख्रिस्तसभेने गृहीत धरले नाही. मला यात शहाणपण दिसते. व्यवस्था नेहमी संतांसाठी करायची नसते, साध्या माणसांसाठी करायची असते.

स्टीफनच्या बाहेरून दिसणाऱ्या भक्तीची विद्यालय दखल घेते, पण कशासाठी? संचालक धर्मगुरू त्याला बोलावून घेतात. खिडकीकडे पाठ करून ते उभे आहेत, संध्याकाळ होत आहे, त्यांचा चेहरा अंधारात आहे. पाचारण जाणवले आहे का, असे ते विचारतात आणि धर्मगुरूच्या अधिकाराचे, कोणत्याही सम्राटाला नसलेल्या सामर्थ्याचे वर्णन करतात. निश्चय पक्का हवा, हा मार्ग कायमचा आहे, असा इशाराही ते देतात. परंतु बोलतात बहुतेक तेच. मुलाला काय हवे आहे, त्याच्या प्रार्थनेचे काय चालले आहे, हे त्या खोलीत उमटत नाही. संत इग्नेशियस यांनी आपल्या ग्रंथाच्या पंधराव्या सूचनेत साधना देणाऱ्याला बजावले आहे की त्याने साधकाला एखाद्या जीवनमार्गाकडे ओढू नये. त्याने तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे आणि निर्मात्याला आपल्या निर्मितीशी थेट बोलू द्यावे. साधनेबाहेर प्रोत्साहन देणे त्यांनी निषिद्ध मानलेले नाही, हे खरे. तथापि त्या सूचनेचा आत्मा संचालकांच्या खोलीत असता, तर स्टीफनने कदाचित ‘नाही’च म्हटले असते, पण एका बंद दारापासून दूर जावे तसा तो गेला नसता.

कादंबरीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कथा पूर्णपणे स्टीफनच्या डोळ्यांतून दिसते. तीच प्रवचने ऐकणाऱ्या इतर मुलांचे काय झाले, कोणाची श्रद्धा त्यातून दृढ झाली, हे आपल्याला कळत नाही. कोणत्याही विद्यालयात असे धर्मगुरू असतात की जे काही न बोलता आजारी मुलाच्या उशाशी बसतात. त्यांच्यासाठी या पुस्तकात फारशी जागा नाही. स्टीफनची आई श्रद्धेने जगते, पण तिची श्रद्धा आपल्याला तिच्या मुलाच्या कंटाळ्यातूनच दिसते. आणि खुद्द स्टीफन? त्याचे कोणी ऐकले नाही, हे खरे. पण तो तरी कोणाचे ऐकतो? शेवटच्या प्रकरणात विद्यापीठातील मित्र क्रॅनली त्याच्याबरोबर चालत चालत एकामागून एक प्रश्न विचारतो, आईला दुखावू नकोस म्हणून सुचवितो. एखाद्या धर्मगुरूने करावे ते काम हा मित्र करतो. स्टीफन उत्तरे चोख देतो, आईसाठी मात्र बदलत नाही. न ऐकणाऱ्या घरात वाढलेला मुलगा न ऐकणारा झाला, असा याचा अर्थ मी लावतो. दोष केवळ विद्यालयाचा, असे म्हणून त्याला सोडून देता येणार नाही.

आता आपल्याकडे वळू. वसई, मुंबई, पुणे, नाशिक, अहिल्यानगर अशा ठिकाणी आपली कॅथलिक विद्यालये आहेत. परिस्थिती डब्लिनसारखी नाही. आपल्या वर्गांत अन्यधर्मीय मुले मोठ्या संख्येने असतात, आणि राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला संमतीशिवाय धार्मिक शिक्षणास बसविता येत नाही. ही अडचण नसून वरदान आहे, असे मी मानतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात कॅथलिक शाळेचे वैशिष्ट्य म्हणून सुवार्तेतील स्वातंत्र्याचे आणि प्रीतीचे वातावरण सांगितले. अन्यधर्मीय मुलाला जे स्वातंत्र्य कायद्याने मिळते, ते कॅथलिक मुलाला निदान प्रेमाने तरी मिळाले पाहिजे. शाळेच्या पहिल्या शुक्रवारची रांग ही हजेरीची रांग होऊ नये.

अनेक ठिकाणी धर्मगुरूच मुख्याध्यापक किंवा व्यवस्थापक असतात. मनुष्यबळ थोडे, कामे अनेक. म्हणून शाळेसाठी स्वतंत्र चॅप्लेन नेमणे ही चैन वाटते. या कादंबरीच्या प्रकाशात ती गरज ठरते. मोठी योजना लागणार नाही. आठवड्यातून दोन तास शेजारच्या धर्मग्रामातील एखादा धर्मगुरू किंवा प्रशिक्षित धर्मभगिनी शाळेत यावी. तिच्या हाती गुण नसावेत, दंड नसावा, प्रवेशाचा निर्णय नसावा. ती जेथे बसेल ते दार उघडे असावे, खोली काचेची किंवा सर्वांच्या नजरेतील असावी. गेल्या काही दशकांत आयर्लंडमध्ये व इतरत्र उघडकीस आलेल्या अत्याचारांनंतर संध्याकाळच्या अंधारातील ती बंद खोली आपण कोणत्याही मुलाला देऊ शकत नाही. पापनिवेदनासाठी बाहेरचे धर्मगुरू यावेत आणि ‘तुला तुझ्या चर्चमध्ये जायचे असेल तर तेथे जा’ असे मुलांना मोकळेपणाने सांगावे. आणि मुलाने जे सांगितले, ते शिक्षकांच्या चहाच्या टेबलावर जाऊ नये. तपसाधना ठेवायची तर पाप आणि मरण यांपाशी थांबू नये. क्रुसावरील मित्राशी बोलण्याला आणि पुनरुत्थानाला तितकाच वेळ द्यावा.

पालकांसाठीही यात एक धडा आहे. फादर कॉनमी यांच्या हास्याची बातमी स्टीफनला विद्यालयात कळली नाही. ती घरी, जेवणाच्या टेबलावर, वडिलांच्या तोंडून कळली. आपल्या मुलाच्या गुपिताची गंमत करणारे घर आणि त्याची गंमत करणारे विद्यालय हे एकमेकांना पूरकच ठरतात. मुलगा चर्चला का येत नाही, हे धर्मगुरूंना विचारण्यापूर्वी आपण त्याला विचारले आहे का, आणि विचारल्यावर त्याचे वाक्य पुरे होऊ दिले आहे का, हे प्रत्येक कुटुंबाने तपासून पाहावे.

जॉइस यांनी उत्तर दिले नाही, ते देण्याची त्यांची इच्छाही नव्हती. परंतु एका सोळा वर्षांच्या मुलाला आपल्या विद्यालयातील इतक्या धर्मगुरूंना ओलांडून, गल्लीगल्लीतून वाट विचारत, अनोळखी मंदिरात जावे लागले, ही गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली. त्या मंदिरात बसलेल्या कॅपुचिनाचे नाव कादंबरीत नाही. वय विचारणे, ऐकून घेणे आणि क्षमा देणे, एवढेच त्याने केले. आपल्या प्रत्येक विद्यालयाला असा एक धर्मगुरू मिळावा, आणि तो मुलांना शाळेच्या आवारातच सापडावा.